गुजराती ‘कळत नाही’ म्हणणाऱ्यांना ती खरंच कळत नसते का?

मांडवीकर

बडोद्यातल्या आपल्या मराठी मंडळींकडे बघून बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय. शेजारची भाषा आवडते म्हणून कळते, की कळायला लागली म्हणून आवडते? की या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंधच नाही?

माझ्या ओळखीतली दोन टोकं सांगतो. एक आमच्या वाड्यातल्या मावशी. वय ऐंशीच्या पुढे, आजोबा सरकारवाड्यावर नोकरीला होते. ‘गुजराती आमच्या घरात कुणाच्या जिभेला लागली नाही’ हे त्या अभिमानाने सांगतात. पण खंडेराव मार्केटात भाजीवालीने शेजारणीला हळूच ‘या आजी फार घासाघीस करतात’ असं गुजरातीत म्हटलं की मावशींचा हात पिशवीतच थांबतो आणि मग त्या भाजीवालीचं काही खरं नसतं.

दुसरा माझा ऑफिसातला सहकारी. बदली होऊन ठाण्याहून आला, तिशीतला, हुशार. जेवणाच्या सुट्टीत चार जण गुजरातीत बोलायला लागले की हा मोबाइल काढतो. ‘मला ते छे-छू काही समजत नाही बाबा.’ समोरचे बिचारे लगेच हिंदीवर येतात. आता याला गुजरातीतलं निम्मं तरी सहज कळायला हवं. मराठी येतं, हिंदी येते, कान शाबूत आहेत.

मला वाटतं, ‘कळत नाही’ म्हणण्यात बऱ्याचदा थोडा तोरा असतो. मावशींना कळतं पण तसं म्हणायचं नाही. सहकाऱ्याला कळू शकतं पण तो ऐकायलाच तयार नाही. तुमचा अनुभव काय?

चहाटळ

आमच्या घरी दोघांचीही मातृभाषा मराठी. तरी मी काय म्हणतो ते तिला कळत नाही आणि ती काय म्हणते ते मला कळून चालत नाही. भाषेचा संबंध नसतो हे सिद्ध. धागा बंद करा. (दिवे घ्या.)

दप्तरदार

मावशींवर एवढं तोंडसुख नको. त्यांच्या बोलण्यामागे दोनशे वर्षं आहेत.

गायकवाडांच्या राज्यात दरबार, फौज, खासगी खातं मराठी माणसांच्या हातात आणि प्रजा बहुतेक गुजराती. ज्याला सरकारदरबारी काम पडे त्याला मराठी थोडीफार यावी लागे. उलट वाड्यातल्या बाईला गुजराती लागायची ती बाजारात, गड्यामाणसांशी. म्हणजे दोघांनाही एकमेकांची भाषा कळत होती. पण एकाला ती येते हे मिरवायची होती, दुसऱ्याला लपवायची होती.

गंमत म्हणजे खुद्द राजा या बाबतीत वेगळा निघाला. सयाजीराव तिसरे मूळ नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १८७५ मध्ये दत्तक आले तेव्हा अक्षरओळखसुद्धा नव्हती. मग मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चारही भाषा त्यांना शिकवल्या गेल्या. पुढे त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, सयाजी साहित्यमालेत मराठी आणि गुजराती दोन्ही पुस्तकं काढली. १९३१ मध्ये ‘सयाजी शासन शब्दकल्पतरु’ निघाला. राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत शेजारी शेजारी मांडलेत. एक खेडेगाव सोडून आलेला मुलगा हे करतो आणि त्याच्या कारकुनाच्या नातीला गुजराती जिभेला लागत नाही!

१ मे १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात गेलं, १ मे १९६० ला गुजरात राज्य झालं. तराजू तिथे फिरला. आता गरज आपली आहे. पण ‘मला येत नाही’ म्हणायची सवय मात्र वाड्यात तशीच राहिली.

सेवउसळ

मी उलटं उदाहरण देते. माझी पुण्याची नणंद. गुजराती म्हणजे तिचा जीव. दर नवरात्रीला आमच्याकडे मुक्काम, नवे चणियाचोळी, पहाटेपर्यंत गरबा. सगळी गाणी तोंडपाठ, उच्चारासकट. एकदा मी विचारलं, अगं या ओळीचा अर्थ काय? म्हणाली, ‘काहीतरी अंबामातेचं आहे.’ ते गाणं सासूच्या तक्रारींचं होतं!

तर आवड पोतंभर, कळणं शून्य. मांडवीकर, तुमच्या मावशींना गुजराती आवडत नाही आणि सगळं कळतं. माझ्या नणंदेला आवडतं आणि काही कळत नाही. झाला का निकाल?

मांडवीकर

@सेवउसळ हा हा. पण नणंदबाईंना कळायची गरजच पडली नाही ना. गरब्यात कुणी प्रश्न विचारत नाही.

@दप्तरदार सविस्तर प्रतिसादाबद्दल आभार. ‘एकाला मिरवायची, दुसऱ्याला लपवायची’ हे पटलं.

अर्धविराम

हा विषय भाषाशास्त्रात जुना आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

१९५९ मध्ये हान्स वुल्फ नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने नायजर नदीच्या मुखाकडच्या दोन जमातींबद्दल लिहिलं. कलाबारी आणि नेम्बे. भाषा एकाच कुळातल्या, एकमेकींच्या अगदी जवळच्या. नेम्बे म्हणायचे, आम्हाला कलाबारी समजते. कलाबारी म्हणायचे, नेम्बे आम्हाला मुळीच समजत नाही, एखाददुसरा शब्द कळतो इतकंच. आणि त्या भागात पैसाअडका, वजन कलाबारींचं होतं. दप्तरदारांनी वाड्याबद्दल जे लिहिलं तेच तिथे होतं.

यात एक गोम आहे. हे लोकांनी स्वतःबद्दल *सांगितलेलं* आहे. खरंच किती कळतं हे तपासायचं तर परीक्षा घ्यावी लागते.

मनात काय आहे हे तपासायची एक युक्ती वॉलेस लॅम्बर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये माँट्रियलला वापरली. दोन्ही भाषा सारख्याच बोलणाऱ्या माणसांकडून एक उतारा इंग्रजीत आणि एक फ्रेंचमध्ये वाचून घेतला आणि ऐकणाऱ्यांना सांगितलं की ही सगळी वेगवेगळी माणसं आहेत, आवाजावरून त्यांचा स्वभाव सांगा. त्याच माणसाला इंग्रजीत बोलताना जास्त हुशार, जास्त भरवशाचा ठरवलं गेलं. आणि असं ठरवणाऱ्यांत खुद्द फ्रेंच भाषकही होते! स्वतःच्या भाषेला कमी लेखणं हेही त्यात आलं.

आणखी एक. १९९२ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड रुबिनने विद्यार्थ्यांना ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवलं. आवाज एकच, अमेरिकन बाईचा. काहींना सोबत गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई बाईचा. आशियाई चेहरा बघणाऱ्यांना तिचे उच्चार परके वाटले, आणि व्याख्यानातलं लक्षातही कमी राहिलं. आवाजात तसूभर फरक नसताना. म्हणजे मनात अढी असली की नुसतं ‘कळत नाही’ म्हटलं जातं असं नाही, खरोखरच कमी कळतं.

सरळवाट

अर्धविराम, नावाला जागलात. मध्येच थांबायचं होतं.

माझं म्हणणं साधं आहे. कळतं की नाही हे भाषेच्या बांधणीवर ठरतं. तुमच्या मनात प्रेम असो की राग, मराठी कानाला गुजराती जिथे फसवते तिथे फसवतेच.

आमच्या मांजलपूरच्या सोसायटीत एक नागपूरचे गृहस्थ सेक्रेटरी झाले. गुजराती माणसांवर आणि भाषेवर निस्सीम प्रेम. ‘त्यात काय आहे, आपल्यासारखीच तर आहे’ हे पालुपद. पाण्याच्या टाकीची वर्गणी चालू होती. हिशेब बघणाऱ्या काकींनी फोनवर सांगितलं, ‘टांकीना पैसा कमलेशने आपी दीधा छे.’ यांनी वहीत कमलेशभाईंच्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि दुसऱ्या दिवशी काकींच्या दारात उभे, बाकीच्यांचे जमलेले पैसे द्या म्हणून. काकी म्हणतात, आपी तो दीधा! हे म्हणतात, कुठे दिले? जिन्यात माणसं गोळा झाली.

मराठीत ‘कमलेशने दिले’ म्हणजे देणारा कमलेश. गुजरातीत ‘कमलेशने’ म्हणजे कमलेशला. देणारा असता तर काकी ‘कमलेशे’ म्हणाल्या असत्या. टाकीचं काम कमलेशभाईच करून घेत होते, म्हणून काकींनी सगळी रक्कम त्यांना देऊन टाकली होती. यात कुणाच्या मनात अढी होती? कुणाच्याच नाही. प्रेमच जरा जास्त झालं होतं.

कोठीवरची

सरळवाट +१. आणि हा ‘ने’ कुणाच्याच पकडीत येत नाही, कारण वाक्य दोन्ही बाजूंनी अर्थपूर्ण लागतं. एखादा शब्द अडला तर माणूस विचारतो तरी. इथे अडतच नाही.

अर्धविराम

@सरळवाट उदाहरण झकास. पण ते माझ्याच बाजूचं आहे. ‘आपल्यासारखीच तर आहे’ हाही एक दृष्टिकोनच झाला की. तुमच्या सेक्रेटरींनी ऐकलं नाही, अंदाज केला. तुच्छतेने कान बंद होतात तसे फाजील आपलेपणानेही होतात.

बाकी बांधणीबद्दल बोलाल तर मराठी माणसाला गुजराती हिंदीपेक्षा सोपी जायला हवी. नपुंसकलिंग दोघींकडे आहे, हिंदीत नाही. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ हा भेद गुजरातीत ‘आपणे’ आणि ‘अमे’ असा जसाच्या तसा आहे, हिंदीत दोन्हीला ‘हम’. गुजराती वर्तमानपत्र उघडा, चळवळ, वाटाघाट, निमणूक, ताबडतोब हे शब्द समोर येतात. तरी ठाण्याचा माणूस म्हणतो हिंदी कळते, गुजराती कळत नाही. का? हिंदी लहानपणापासून शाळेत, सिनेमात, टीव्हीवर कानावर पडली. दुसरं काही नाही.

पुलापलीकडे

मी बडोद्याचा, सध्या माल्मोला. स्वीडनचं हे टोक आणि समोर कोपनहेगन, मध्ये २००० साली झालेला पूल. मुलं पुलापलीकडे नोकरीला जातात, संध्याकाळी परत.

इथे हा धागा रोज जिवंत असतो. स्वीडिश लोक डॅनिशबद्दल म्हणतात, घशात लापशी अडकवून बोलतात. छापलेलं डॅनिश त्यांना वाचता येतं, कारण कागदावर दोन्ही भाषा जवळ आहेत. पण बोलताना डॅनिश माणूस अर्धी अक्षरं गिळतो. म्हणजे सरळवाट म्हणतात ते इथे लागू.

पण एवढंच नाही. २००५ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या तरुणांची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. शेजारच्या भाषा सगळ्यात चांगल्या नॉर्वेच्या मुलांना कळत होत्या. आणि स्वीडनमध्ये स्टॉकहोमपेक्षा माल्मोच्या मुलांना डॅनिश पुष्कळ जास्त कळत होती. भाषा तीच, लापशी तीच. माल्मोत डॅनिश टीव्ही दिसायचा, बोटीने जाणं-येणं होतं. शिवाय हा प्रांत १६५८ पर्यंत डेन्मार्कचाच होता.

अशाच पाहण्यांत आवडीचा आणि समजण्याचा संबंध शोधला गेलाय. सापडतो, पण सहसा किरकोळ. कानावर किती पडलं आणि भाषा मुळात किती जवळची, यांचा वाटा मोठा. आणि जो किरकोळ संबंध सापडतो त्यात आधी काय, आवड की समज, हे नुसत्या आकड्यांवरून कळत नाही. म्हणजे मांडवीकरांचा प्रश्न तिथेही सुटलेला नाही.

राजवाड्यामागे

इंदूरहून हजेरी. आमच्याकडे प्रश्नच वेगळा. इथे ‘मला हिंदी कळत नाही’ असं म्हणणारा मराठी माणूस शोधून सापडणार नाही. उलट नवी पिढी ‘मराठी समजती है, बोलने में नहीं आती’ म्हणते. आजी मराठीत रागावते, नातू हिंदीत माफी मागतो, दोघांचं व्यवस्थित चालतं. आणि आमची जी मराठी उरली आहे ती ऐकून पुणेकर म्हणतात, ‘हे काय बोलून राहिले?’ त्यांनाही आमची मराठी ‘समजत नाही’. तिथे कुठली शेजारची भाषा आली?

सेवउसळ

@राजवाड्यामागे अगदी! मी पुण्याला सासरच्या लग्नात ‘मी भाजी समारून देते’ (म्हणजे चिरून) म्हटलं तर सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. समोर कोबी, हातात सुरी, तरी कळलं नाही म्हणे.

कोठीवरची

आमच्या घरात इंदूरसारखंच. मी मराठीत विचारते, मुलगा गुजरातीत उत्तर देतो. शाळा गुजराती, मित्र गुजराती, खालच्या मैदानातलं क्रिकेट गुजराती. त्याला मराठी कळतं का? रेल्वेच्या डब्यात अनोळखी मराठी माणसं काय बोलतात ते तो नंतर मला सगळं सांगतो. पण मराठी बोल म्हटलं की ओशाळतो. पाचवी-सहावीपर्यंत बोलायचा. मग वर्गात कुणीतरी त्याच्या बोलण्याची नक्कल केली आणि तोंड मिटलं. कान उघडेच राहिले.

म्हणून मला वाटतं, दृष्टिकोनाचा परिणाम बोलण्यावर होतो, कळण्यावर नाही. लाज वाटली तर जीभ थांबते. कान थांबवता येत नाहीत.

मांडवीकर

@कोठीवरची हे फार महत्त्वाचं आहे. पण माझा सहकारी कानसुद्धा थांबवतो, हे मी रोज बघतो. बहुधा लहानपणी कानात गेलेली भाषा बंद करता येत नाही. मोठेपणी नवी घ्यायची असेल तर सुरुवातीचे काही महिने अर्धवट कळण्याचा त्रास सोसावा लागतो. तो सोसायचा की नाही हे मात्र मनावर आहे.

खमंग

सेव उसळ हा आयडी बघून भूक लागली. बाकी सेव उसळ म्हणजे आपली मिसळच ना? पाव तोच, तर्री तीच, नाव गुजराती माणसाने आपलंसं केलं.

चहाटळ

आता भाकरवडी कुणाची तेही विचारून टाका, म्हणजे धाग्याचे शंभर प्रतिसाद पक्के.

खमंग

बडोद्याचीच. पुणेकरांनी येऊन खावी.

डेक्कनवाला

काय?! आमच्याकडे चितळ्यांसमोर रांगेत उभं राहून दाखवा, मग बोला.

खमंग

रांगेत उभं राहणं ही चव नव्हे.

व्यवस्थापक

भाकरवडीसाठी वेगळा धागा काढावा. यापुढचे प्रतिसाद उडवले जातील.

दप्तरदार

भाकरवडीतून बाहेर येतो. काका कालेलकरांचं नाव अजून कुणी कसं घेतलं नाही? जन्म साताऱ्याचा, १८८५ चा, मातृभाषा मराठी. गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटलं आणि १९६५ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो गुजराती पुस्तकाला. गांधीजींकडे जायच्या आधी ते बडोद्यात गंगनाथ विद्यालयात शिक्षक होते. त्यांच्या बाबतीत आवड आधी की गरज आधी? काम गुजरातीत करायचं ठरलं, आणि ठरल्यावर ती भाषा दुय्यम मानली नाही. मला वाटतं एवढं पुरतं. प्रेमात पडायलाच हवं असं नाही.

सरळवाट

कालेलकरांचं उदाहरण देऊन आमच्यासारख्यांना लाजवू नका. मला फक्त वीजबिलाच्या मागचं वाचता आलं तरी पुष्कळ.

@मांडवीकर, तुमच्या सहकाऱ्याचं काय करायचं ते बोला. तो तुमच्याशी मराठी बोलतो, इतरांशी हिंदी. सगळे त्याच्या सोयीने वळतात. मग तो कशाला शिकेल? आमच्या ऑफिसात एका मुलीसाठी सगळ्यांनी हिंदीवर यायचं बंद केलं. कुणी मुद्दाम नाही, कंटाळूनच. दिवाळीपर्यंत ती गुजरातीतले विनोद आमच्या आधी हसायला लागली. आवडबिवड नंतर आली असेल तर आली असेल.

कोठीवरची

पण ती मुलगी ऐकत बसली, मोबाइल काढला नाही. म्हणजे थोडी तरी इच्छा होतीच की.

सरळवाट

तिच्या मोबाइलला आमच्या तळघरात रेंज नव्हती.

मांडवीकर

:)

बरं, माझ्यापुरता हिशेब असा. मावशींचं ‘येत नाही’ हे प्रतिष्ठेचं, त्याचा कळण्याशी संबंध नाही. सहकाऱ्याच्या बाबतीत मी अर्धविराम आणि सरळवाट यांच्या मधे कुठेतरी उभा आहे. सोमवारपासून त्याच्यासमोर हिंदीवर येणं बंद करावं असं चार जणांना सुचवलंय. एक गुजराती मित्र म्हणाला, ‘पण तो पाहुणा आहे ना?’ तीन वर्षं झाली येऊन!

पुलापलीकडे

त्या मित्राचं म्हणणं विचारात घ्या. इथेही डॅनिश माणूस माल्मोत आला की लगेच त्याच्याशी इंग्रजी बोलणारे तरुण वाढलेत. सौजन्य म्हणून करतात. पण त्याने शेजारची भाषा कानावर पडायची राहून जाते.

नवी_वाचक

पूर्ण धागा वाचला, मजा आली. लग्न होऊन कारेलीबागेत राहायला आलेय, मूळची कोल्हापूरची. ऐकून आता बरंच कळतं, पण लिपी जमत नाही. शिरोरेषा नसल्यामुळे पाट्या डोळ्यासमोरून पळतात. वर्तमानपत्रात कुठून सुरुवात करू? अग्रलेख दोन ओळींत सुटतो.

सेवउसळ

अग्रलेख काय वाचतेस! बेसणुंच्या, म्हणजे कुणी गेल्यावरच्या शोकसभेच्या, जाहिरातींपासून सुरू कर. मी तशीच शिकले. फोटो, नाव, तारीख, वेळ, पत्ता, खाली सगळ्या नातेवाइकांची नावं. वाक्यरचना रोज तीच, फक्त माणसं बदलतात. नावं ओळखीची असतात त्यामुळे क, ल, श, ज पटापट पक्के होतात. इ आणि झ जरा त्रास देतात. नाती पण शिकून होतात, दियर, जेठ, वेवाई सगळे. सासूबाई आधी घाबरल्या, ही सून रोज सकाळी उठून हेच पान का उघडते म्हणून.